घरी आलं की चष्मा काढायचा

आप्पा, पोरीला चष्मा लागलाय. तुम्ही तिला बघितलंच नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझंच कॉलेज संपायचं होतं. आता ती आठ वर्षांची आहे आणि सहा महिन्यांत तिचा नंबर मायनस एकवरून पावणेदोनवर गेलाय. आज डॉक्टरांनी विचारलं, "आईला केवढा?" मी म्हटलं, साडेसहा. "आणि आजोबांना?" मी म्हटलं, माझे वडील कुंभारीच्या माळावर उभं राहून पलीकडच्या कळपात शिरलेलं आपलं करडू ओळखायचे. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. मग माझा नंबर आला कुठून, हे मला अजून कळलेलं नाही, आणि हे विचारायला तुमच्याशिवाय कोण आहे?

मी पाचवीत आहे. शाळेत डोळे तपासलेत, चष्मा आलाय. तुम्ही चादरीच्या कारखान्यातून येता, मला बघता आणि म्हणता, "म्हातारी झालीस व्हय गं एवढ्यात?" मग नियम ठरतो. शाळेत लावायचा, घरी आलं की तुमच्या हातात द्यायचा. चष्म्याची सवय लागली की नंबर वाढतो, हे तुम्हाला कारखान्यात कुणीतरी सांगितलंय. तुम्ही तो सदऱ्याच्या खिशात ठेवता, वरून बटण लावता. चष्मा नाही म्हणून मी पुस्तक आणखी जवळ घेते. "नाकानं वाचतीस काय? ठिव ते. शेळ्या ने माळावर. लांब बघ जरा, डोळं मोकळं हुतील." मी जाते. स्वेटरच्या आत पुस्तक असतं. शेळ्या चरतात, मी बाभळीखाली बसते, पान नाकाला टेकलेलं. लांब बघायचं म्हणजे काय बघायचं? लांब तर सगळा धुरळाच होता.

आणि तो चाचणीचा दिवस. तुम्ही पहाटेच्या पाळीला गेलात, चष्मा तुमच्या खिशातच गेला. बाईंनी गणितं फळ्यावर लिहिली. मी अंदाजानं उतरवली, एकाचे नऊ केले, आणि गप्प रडत होते, म्हणजे नाही, रडत नव्हते, डोळे बारीक करून करून पाणी येत होतं. तेवढ्यात तुम्ही वर्गाच्या दारात. केसांत सुताचे तंतू, पाळी अर्धी टाकून आलेले. "बाई, पोरीचं डोळं माझ्याकडंच ऱ्हायलं की." सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "अहो, डोळे खिशात घालून फिरता होय?" तुम्ही चष्मा सदऱ्याला पुसून माझ्या नाकावर चढवला आणि हळूच विचारलं, "दिसतंय का आता?" मला वाटलं, संपला नियम. संध्याकाळी तुम्ही परत हात पुढं केलात. "आप्पा, आजपण?" "व्हय. शाळेपुरताच."

मला त्या हाताचा राग यायचा. आज डॉक्टर म्हणाले, चष्मा लावल्यानं नंबर वाढत नाही, काढून ठेवल्यानं थांबत नाही. म्हणजे तुम्ही चुकलात. पण पुढं म्हणाले, तासन्‌तास जवळचं बघणं कमी करा, पुस्तक हातभर लांब, आणि रोज दोन तास पोरीला बाहेर उजेडात सोडा. म्हणजे तुम्ही बरोबर होतात? मी विचारलं, मी तर उन्हातच असायचे, मग माझा का वाढला? ते म्हणाले, "बाहेर होतात, पण पुस्तकातच होतात ना? आणि काही घराण्यातून येतं, काही वाचण्यातून. एकाच गोष्टीकडे बोट नाही दाखवता येत." मला तर बोटच दाखवायचं होतं. तुमच्याकडं, नाहीतर माझ्याकडं. तुम्ही चष्मा दिला असता तर मी पुस्तक लांब धरलं असतं का? की तरीही नाकालाच लावलं असतं, कारण मला तिथं आत जायचं होतं, शेळ्यांच्या नि कारखान्याच्या वासापासून लांब? आणि ते केलं नसतं तर मी आज लिहीत असते का? मला खरंच कळत नाही, आप्पा. पोरीच्या बाबतीत तरी कळायला पाहिजे, कारण तिचा नंबर अजून थांबलेला नाही.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, मी ते कुठं टपालात टाकणारही नाही, म्हणून एवढं लिहिते. डॉक्टरांनी विचारलं, "रोज बाहेर किती वेळ खेळते?" मी म्हटलं, दीड-दोन तास. खरं असं की शाळेतून आली की ती माझ्या टेबलाशेजारी पालथी पडून वाचते. घर शांत राहतं, माझी पानं होतात. परवा म्हणाली, "आई, चल ना खाली खेळायला, एकटीला कंटाळा येतो." मी तिला नवीन पुस्तक दिलं. आज मी दीड-दोन तास म्हटलं तेव्हा ती शेजारच्याच खुर्चीत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "हो."