बांधताना काही दिसलं का?

सर, दहावीच्या निकालानंतरच्या दिवाळीत, शाळेच्या संगणक खोलीत तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. "बांधताना काही दिसलं का?" मी म्हणाले होते, "नाही सर." उत्तर खरं होतं, कारण मी काही बांधलंच नव्हतं. तुम्ही चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसलात, पुन्हा लावलात आणि म्हणालात, "बरं." पुढे कधी तुम्ही तो विषय काढला नाहीत. तुम्हांला जाऊन आता दहा वर्षं झाली आहेत, आणि तुमचा प्रश्न काय होता हे मला गेल्या महिन्यात, एका शनिवारी भर दुपारी कळलं.

निकालाच्या दिवसापासून सांगायला हवं. मी शाळेत पहिली आले होते. बाकीच्या शिक्षकांनी पेनं दिली, एका बाईंनी शब्दकोश दिला. तुम्ही मला गणिताच्या कपाटापाशी बोलावून एक सीडी दिलीत. तिचं पाकीट जुन्या कॅलेंडरच्या पानाचं होतं, कात्रीने नीट कापून डिंकाने चिकटवलेलं. लिहिलेल्या कोडमधून चालता प्रोग्राम तयार करणं, म्हणजे 'कंपाइल करणे', याला तुम्ही 'बांधणे' म्हणायचात, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यावरून तुमची थट्टा व्हायची. "हा माझा प्रोग्राम आहे," तुम्ही म्हणालात, "पण तो एका लायब्ररीवर उभा आहे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आयत्या कोडवर. आधी ती लायब्ररी तुझ्या मशीनवर बांधायची, मग तिच्यावर माझा प्रोग्राम. घरी विंडोज आहे ना? माझ्या घरी लिनक्स. तिला दोन्ही सारखीच, पण विंडोजवर जरा रुसते. मनधरणी करावी लागेल." मग जरा थांबून म्हणालात, "एका फोल्डरात तयार प्रोग्रामही ठेवलाय, ज्यांना नुसता वापरायचाय त्यांच्यासाठी. तू तो उघडायचा नाहीस." तो प्रोग्राम कशासाठी आहे हे सगळ्या शाळेला माहीत होतं. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या अक्षरांत धड्याची एकच ओळ येई, फळ्यावरच्या अक्षराएवढी मोठी, आणि ठरावीक वेगाने सरकत पुढची ओळ येई. शेवटच्या बाकावरच्या मुलांसाठी केलाय, असं तुम्ही सांगत होतात.

शहाडच्या आमच्या घरी तेव्हा उल्हासनगरहून आणलेला एक जुना संगणक आहे. दिवाळीची सुट्टी लागलेली आहे. आई चकल्या पाडते आहे आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेबल ओढून बसले आहे. मी फार सुबकपणे एक फोल्डर तयार केलं, त्याला देवनागरीत नाव दिलं, 'सरांचं काम', आणि सगळा कोड त्यात ठेवला. बांधणी सुरू केली की दोन मिनिटांत थांबते. पडद्यावर एक ओळ येते: अमुक ठिकाणी अशी फाइल सापडली नाही. त्या 'अमुक ठिकाणा'च्या नावात नुसती प्रश्नचिन्हं असतात, दहा-बारा, एका ओळीत उभी. सहा दिवस मी कंपाइलर काढून पुन्हा इन्स्टॉल केला, लायब्ररी पुन्हा उतरवली, आणि सहाही दिवस तीच प्रश्नचिन्हं माझ्याकडे बघत राहिली. बाबा म्हणाले, "अगं, डोळ्यांची वाट लागेल. नाही होत तर नाही होत." आई म्हणाली, "सरांना फोन कर ना सरळ. ते काय खाणारेत तुला?" मला फोन करता आला नाही. जिने वर्गात कधी हात वर केला नव्हता, कारण उत्तर वहीत बरोबर असे, तिला 'जमलं नाही' हे दोन शब्दही येत नव्हते. कारण फार साधं होतं, सर. त्या बांधणीच्या साधनांना देवनागरी वाचता येत नव्हती. फोल्डरचं मराठी नाव त्यांना प्रश्नचिन्हांसारखं दिसत होतं. मी ते नाव इंग्रजीत लिहिलं असतं, तर त्याच संध्याकाळी तुमचं काम झालं असतं. पण हे मला पुढे कॉलेजात कळलं. त्या दिवाळीत मी सातव्या दिवशी 'तयार' हे फोल्डर उघडलं.

संगणक खोलीत पडदे ओढलेले होते. मी पेन ड्राइव्ह लावला, पिवळी ओळ आली. तुम्ही पडद्याकडे न बघता खिडकीच्या बाजूला तोंड करून उभे होतात. "वाच काय आलंय ते." मी वाचलं. "बांधलंस?" "हो सर." आणि मग तो प्रश्न. मला वाटलं, चुका किती आल्या असं विचारताय. म्हणून मी आणखी म्हणाले, "नाही सर, सगळं नीट झालं." बाहेर पडताना तुम्ही बाकांच्या कडांवरून हात फिरवत गेलात, एक, दोन, तीन, आणि चौथ्यापाशी दाराकडे वळलात. तुमची ती लकब आम्हांला पाठ होती. फळ्याकडे न बघता तुम्ही वर्तुळ काढायचात, हजेरी नेहमी एखाद्या मुलीकडून वाचून घ्यायचात. आम्ही त्याला तुमची ऐट समजत होतो.

त्यानंतर मी तुम्हांला टाळलं. रस्त्यात दिसलात तर पलीकडच्या पदपथावर जायचे, आणि तुम्ही ओळख दिली नाहीत की मनात म्हणायचे, बरोबर आहे, सरांना कळलंय. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेल्याचं समजलं. मी डोंबिवलीला तुमच्या इमारतीत आले, दुसऱ्या मजल्यावरच्या दारापुढच्या चपलांचा ढीग पाहिला आणि तशीच खाली उतरले.

दोन महिन्यांपूर्वी काकूंचा फोन आला. माझा नंबर त्यांनी शाळेतून मिळवला होता. "ह्यांच्या वहीत तुझं नाव आहे, म्हणून तुलाच केला," त्या म्हणाल्या. तुमचा जुना संगणक मधूनच बंद पडत होता. भाचीने लॅपटॉप घेऊन दिला होता, पण तुमचा प्रोग्राम त्यावर उघडेना. लायब्ररीतली अमुक गोष्ट नाही, एवढंच सांगून तो मिटून जाई. मी गेले. तुमची खुर्ची अजून पडद्यासमोर आहे. काकू दुपारी तीन वाजता त्या खुर्चीत बसतात आणि तुम्ही टाइप करून ठेवलेल्या टिपणांतलं एक पान वाचतात. पिवळी अक्षरं मागच्या काचेच्या कपाटात उलटी सरकताना दिसतात. वेग तुम्ही ठेवलेला तसाच आहे, फार संथ. ओळ वाचून झाली तरी ती हलत नाही, आणि आपल्या शेजारी कुणी अजून ती वाचतं आहे असं वाटत राहतं. खाली एक बटण आहे, 'वाचून दाखव'. काकूंनी ते दाबलं. काहीच झालं नाही. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. काकू मान किंचित तिरकी करून ऐकत असल्यासारख्या थांबल्या, आणि मग पुढच्या ओळीकडे वळल्या.

"हे चालत नाही का?" मी विचारलं.

"कधीच चाललं नाही. अर्धवट राहिलं त्यांचं. मी आपली रोज दाबते. आता माझेही डोळे दमतात गं, चाललं असतं तर बरं झालं असतं."

पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती. वर्ष वीस वर्षं पुढचं होतं. मी ते दुरुस्त करायला माउसकडे हात नेला, तशी काकू एकदम म्हणाल्या, "राहू दे. चूक आहे ते कळतंय मला. आतली बॅटरी बदलली तेव्हा त्यांनी स्वतः लावलीय. एक आकडा भलताच पडला, दिसलाच नाही त्यांना."

"दिसला नाही?"

"काचबिंदू होता ना. तू दहावीला होतीस तेव्हाच मधलं तेवढं दिसायचं, कडेचं सगळं गेलेलं. शाळेत कळू दिलं नाही. नोकरीची चार वर्षं राहिली होती." त्या चहा ठेवायला उठल्या आणि ओट्यापाशी पाठमोऱ्याच बोलत राहिल्या. "त्या दिवाळीनंतर काय खूळ घेतलं, कुणास ठाऊक. दर रविवारी दार उघडं टाकून बसायचे. मी म्हणायचे, अहो, डास येतात. तर म्हणे, असू दे, कुणी येईल. कोण येणार होतं, देव जाणे. मला कधी सांगितलं नाही."

मी चहा घेतला. तुमचं कोडचं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. काकूंनी मला दारापर्यंत सोडलं, आणि दार लावलं नाही. तो रविवार होता.

पुढचा शनिवार. ठाण्यातलं आमचं ऑफिस अर्धं रिकामं आहे, आणि मी माझ्या लॅपटॉपवर तुमची लायब्ररी बांधते आहे. फोल्डरचं नाव या वेळी इंग्रजीत आहे. लायब्ररी इतकी जुनी की आजचा कंपाइलर तिला ओळखेना, म्हणून जुना कंपाइलर शोधून इन्स्टॉल केला. शेजारची मैत्रीण डबा खात डोकावली. "ए, ही कोण वापरतं आता? तुझ्या सरांचं भूत?" मी हसले. सकाळी नऊला सुरू झालेली बांधणी दुपारी एकला संपली. हजारो ओळी पडद्यावरून वर सरकून गेल्या, आणि एकही प्रश्नचिन्ह आलं नाही. मग मी तिच्यावर तुमचा प्रोग्राम बांधायला घेतला.

दोन सूचना आल्या. पहिली अशी, की या एका फाइलची वेळ भविष्यातली आहे, कोट्यवधी सेकंद पुढची, आणि त्यामुळे बांधणी अपुरी असू शकते. "बघ, म्हटलं ना," मैत्रीण म्हणाली, "फ्यूचरमधून आलीय. सरळ आजची तारीख मार, एका कमांडचं काम आहे. नाहीतर ती फाइल त्याला कायम नवीनच वाटणार, दर वेळी पहिल्यापासून बांधत बसेल." ती डबा धुवायला गेली. दुसरी सूचना त्याच फाइलमधल्या एका ओळीची होती. कोड लिहिणाऱ्याला अशी ओळ मुद्दाम घालता येते. ती नुसता प्रोग्राम वापरणाऱ्याला कधीच दिसत नाही, बांधणाऱ्यालाच दिसते, तीही फक्त बांधतानाच. माझ्या पडद्यावर ती चौकोनांची आणि वेड्यावाकड्या खुणांची रांग होती, कारण सूचना दाखवणाऱ्या पडद्यावरच्या त्या खिडकीला अजूनही देवनागरी येत नाही. ओळीचा क्रमांक मात्र स्वच्छ होता. मी फाइल उघडली आणि त्या क्रमांकापाशी गेले.

"आलीस? मग रविवारी घरी ये. इथून पुढचं मला दिसत नाही. मी सांगतो, तू लिही."

त्याखाली 'वाचून दाखव' या बटणाचं काम सुरू होत होतं, आणि एक कंस उघडून, आत काही न लिहिताच मिटत होतं.

सर, मी ती ओळ पुन्हा वाचली. प्रोग्राम शेवटच्या बाकासाठी नव्हता, तो तुमच्यासाठी होता. दिसणं पुरतं संपायच्या आत त्याला बोलायला शिकवायचं होतं, आणि त्यासाठी तुम्हांला कुणाचे तरी डोळे हवे होते. मागायला तुम्ही माझ्याइतकेच लाजाळू होतात. म्हणून तुम्ही ते अशा ठिकाणी मागितलंत, जिथे फक्त खरं काम करणाराच पोचेल. मी तिथवर पोचले नाही, आणि वर सगळं नीट झालं म्हणून सांगितलं. रस्त्यात तुम्ही ओळख दिली नाहीत, कारण मी तुमच्या कडेला होते आणि कडेचं तुम्हांला दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी काकूंच्या लॅपटॉपवर प्रोग्राम बसवून दिला. पिवळी ओळ आली. त्यांनी सवयीने बटण दाबलं आणि मान तिरकी केली. "हे मी करून देईन," मी म्हणाले. "वेळ लागेल, पण देईन." "घे की सावकाश," काकू म्हणाल्या. "फार त्रास झाला का गं बांधताना?" मी "नाही काकू" म्हणाले आणि पायांत चपला सरकवल्या. त्या ओळीबद्दल त्यांना अजून सांगितलेलं नाही. दार कुणासाठी उघडं होतं, हे सांगायला तोंड उघडते आणि दर वेळी दुसरंच काहीतरी बोलून जाते.

उरलेलं मी लिहिते आहे, सर, पण तुम्ही सांगायला नाही आहात. तुमच्या त्या रिकाम्या कंसात काय यायचं होतं, हे मी वेगळ्या फाइलमध्ये, तुमच्या फाइलला हात न लावता, अंदाजाने लिहिते, खोडते, पुन्हा बांधते. दर बांधणीत ती फाइल नव्याने बांधली जाते आणि तुमची ओळ पुन्हा येते. आता मी खिडकीला देवनागरी शिकवली आहे, त्यामुळे स्पष्ट येते: 'आलीस?' तिच्यावरचा सेकंदांचा आकडा दर वेळी थोडा कमी झालेला असतो. मी हिशेब केला. चौदा वर्षांपूर्वी, वीस वर्षं पुढे गेलेल्या तुमच्या घड्याळाने फाइलवर चुकून टाकलेली ती तारीख अजून सहा वर्षांनी येईल. त्या दिवशी तुमची फाइल जुनी होईल, बांधणी तिला ओलांडून पुढे जाईल आणि ओळ यायची थांबेल. कॅलेंडर काढून वार पाहिला. रविवार आहे.

फाइलवर आजची तारीख मारणं एका कमांडचं काम आहे, हे मला माहीत आहे. मी ते केलेलं नाही. आणि ओळ आली, आणि आसपास कुणी नसलं, तर मी दर वेळी मोठ्याने "हो सर" म्हणते.