मोहाखालचा राग

१० मार्च १९८५
मोहाच्या झाडाखाली गेले तर पाचोळा झाडून, जाळून साफ. धाकट्या दिराचं काम. आमच्याकडे ज्यानं झाडाखाली झाडलं, त्याची त्या साली फुलं. हे होते तोवर आम्ही दोघं झाडत होतो. म्हणजे यांच्यामागे मी त्या झाडाची कोणी नाही.
घरी आले. भात लागला खाली.

१३ मार्च
मिशनच्या दवाखान्यात कामाला गेले. स्पेनच्या सिस्टर कंपाउंडरवर रागावल्या. सुया न उकळता ठेवल्या होत्या. राग आला की त्या त्यांच्या स्पॅनिशवर जातात. भांडी घासताना विचारलं, काय म्हणालात. "एस्तोय एन्फादादा." मी रागात आहे. पुरुष असला तर शेवटी दो, बाई असली तर दा.
आपण म्हणतो राग आला. पाहुण्यासारखा येतो, पाणी पिऊन जातो.

१७ मार्च
आणखी दोन शिकले. मे दा राबिया, याची मला चीड येते. बास्ता, पुरे.
सिस्टर म्हणाल्या, "कोनावर राग, विमल?"
"कोनावरच नाई."
त्यांनी चहा पुढे सरकवला.
बाजारात दीर भेटले. "काय वहिनी, बरं हाय ना?" म्हटलं, "बरं हाय, भाऊजी." बरं हाय म्हणे.

२६ मार्च
फुलं पडू लागली. टोपली घेऊन गेले. जाऊ आधीच वेचत होती. "बाई, तुमाले एकटीले कायले पाह्यजे इतके फुलं?"
मराठीत तोंड उघडलं असतं तर रडले असते. तिच्यापुढे नव्हतं रडायचं. मग सिस्टरचं सगळं म्हटलं. एस्तोय एन्फादादा. मे दा राबिया. बास्ता. पुन्हा पुन्हा. जाऊ टोपली टाकून पळाली.

२८ मार्च
गावात झालं की माझ्या अंगात येतं. यांचा जीव झाडात राहिला, तोच बोलला म्हणतात. झाडाच्या बुडाशी लिंबू, हळद-कुंकू. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते. त्याच घरातून लिंबू आला.
दीर लांबूनच म्हणाले, "झाड तुमचंच. आमच्या लेकराइले काई करू नोका." माझ्याकडे पाहतही नव्हते.
सिस्टरना सांगितलं. आधी हसल्या. मग माझ्याकडे पाहून हसू आवरलं.

४ एप्रिल
फुलं पुष्कळ. एकटीच वेचते. बाया वाट सोडून जातात. जावेची पोर "मोठी माय" करत अंगणात यायची, तिला आज जावेनं दंडाला धरून मागे ओढलं.
झाड मिळालं. माझा राग कोणी ऐकला नाही. यांचा ऐकला. मेल्यावरही यांचाच.

५ एप्रिल
जावेची टोपली अजून इथंच. द्यायला जायचं आहे. दारात काय म्हणायचं ते ठरलं. भाऊजी, ते नाई बोलले, मीच बोलली. मले राग आला होता, अजून हाय.
एवढं म्हटलं की भीती जाईल त्यांची. मग झाडही.
टोपली पुसून दाराशी ठेवली आहे. सकाळपासून दोनदा उचलली.