बिनलसणाच्या चटणीचा ठिपका

प्रिय रेवा,

अक्षर वाकडं येतंय, चालवून घे. चौथीनंतर मी लिहिल्या त्या वाण्याच्या याद्याच, आणि आता बोटंही लवकर दमतात. पण आज मी खुशीत आहे, म्हणून बसलेय लिहायला.

तू विक्रांतशी लग्न करून गेलीस त्याला तीन वर्षं झाली. तुझा बाबा तुझं नाव काढत नाही, तू आमचा फोन उचलत नाहीस, आणि मधे मी. दोघांचा हट्ट वाहून थकले गं बाई. रिकामं बसवेना म्हणून चटण्या करायला घेतल्या, तर तुझ्या भावानं, पुष्करनं, त्याचा धंदाच केला. बाबा आधी लोक हसतील म्हणाला. आता रिटायर झाल्यापासून दर रविवारी कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या गेटवर टेबल मांडून बसतो.

पुष्करनं डब्यांवर तो काळा-पांढरा चौकोन चिकटवलाय, प्रत्येक चटणीचा वेगळा. फोन धरला की कृती दिसते. त्याआधी फोन विचारतो, तुमची जागा सांगू का? लोक वाचतात कुठे, हो दाबून मोकळे! मग पुष्करच्या नकाशावर ठिपका उमटतो. ठिपके दाट तिथे जाहिरात, तिथेच पुढचं टेबल. मी म्हटलं, अरे, हे लोकांच्या खिडकीत डोकावणं झालं. तर म्हणतो, आजी यार, सगळेच करतात.

मागच्या महिन्यात तुझी मैत्रीण मयुरा आली होती. तुझा पत्ता काही दिला नाही, तुला शब्द दिलाय म्हणाली. मग मी कारळ्याच्या चटणीचा एकच डबा बिनलसणाचा केला आणि तिच्या पिशवीत टाकला. लसूण न खाणारं आपल्यात तुझ्याशिवाय दुसरं आहे कोण? पुष्करला वाटलं नवा माल, त्यानं आधीच त्यालाही वेगळा चौकोन लावला होता. आणि मंगळवारी नोएडात, इथून तासाभरावर, त्या चटणीचा ठिपका उमटला. एकुलता एक. पोरीनं चटणी उघडली म्हणून मी इतकी हरखले, दूध उतू गेलं तरी कळलं नाही. मग लाज वाटली. तू लपवलेलं घर मी डबा पाठवून काढून घेतलं. चुकलंच माझं.

काल पुष्कर म्हणाला, एका ठिपक्यासाठी नोएडाला कोण जातं? बाबानं विचारलं, कुठल्या चटणीचा ठिपका? पुष्करनं सांगितलं, बिनलसणाच्या. बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिला, मग म्हणाला, या रविवारी तिथेच. का, ते मी विचारलं नाही, आता विचारण्याचं त्राण नाही. पण तो असा अचानक तुझ्यापुढे येऊ नये, म्हणून हे पत्र मयुराच्या हाती देतेय. दहा वाजता तो तुझ्या गेटवर असेल. नकोच वाटलं तर मागच्या बाजूनं जा, मी रागावणार नाही. आलीस तर नुसती टेबलापुढे उभी राहा. तो मान खाली घालून डबे लावत असेल, गिऱ्हाईक समजून हिंदीत विचारेल, क्या चाहिए? तू मराठीत सांग.

तुझीच, वाट बघणारी
आजी