सव्वा मूठ गहू

ती. आबा,

कानबाईदेवीच्या सणाचा रोट, तिचा तो प्रसाद, भाऊबंदांनीच खायचा असतो, म्हणून त्या दिवशी द्रौपदाबाईंना घरी ठेवू नका, हा तुमचा निरोप मी दोंडाईच्याला जाऊन आईला सांगितला. बाबा गेल्यावर आई एकटी पडली होती, आपल्या कुळाच्या नसलेल्या द्रौपदाबाईही एकट्याच. आता दोघी एकत्र राहतात.

आई रोटाचे गहू मोजत होती. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, ही आपली रीत. बाबांनंतरही ती त्यांच्या नावाचे घेते. निरोप ऐकून तिने सुपात आणखी सव्वा मूठ टाकली.

“हे कोणाचे?” मी विचारले.

“द्रौपदाना.”

द्रौपदाबाई जात्यावरून उठल्या. “अक्का, माले पाप लागी.”

“लागनं ते निम्मं मन्हं. बस खाले.”

पापाची अशी निम्मी वाटणी करून तिने माझ्याकडे बघितले आणि पुन्हा मूठ भरली. मी सर्वेअर आहे, मोजमाप हे माझे कामच. त्या मुठीत एक दाणाही कमी नव्हता. आपल्या घरात माझ्या नावाचे गहू पहिल्यांदाच दळले गेले, आबा. रोट आम्ही तिघींनी खाल्ला.

हे पत्र टपालात टाकायला आईचे धैर्य लागेल. ते माझ्यात अजून आलेले नाही.

तुमची पुतणी,
दिपमाला