जावयाची उर्दू

अंबड, सोमवार संध्याकाळ, वैशाख

कॉलेजची सगळी वर्षं एकच ठरवून होतो. वकिली करायची, ती अंबडच्या कोर्टात, अण्णाकाकांच्या हाताखाली. त्यांनीच सांगितलं होतं, "उर्दू पक्की कर, आपल्या निजामी कोर्टात दुसरं काही चालत न्हाई." म्हणून हैदराबादला आवडतं संस्कृत सोडून फारसी घेतली, कोर्टाची उर्दू फारसी शब्दांनीच भरलेली. पास झालो तशी आईनं कोर्टासाठी काळी शेरवानी शिवून घेतली.

आज काकांकडे गेल्तो, तर बैठकीत माझ्या जागेवर त्यांचा नवा जावई. वऱ्हाडातला, नागपुरात वकिली शिकलेला.

"त्याला हाताखाली घ्यायचं लग्नात कबूल करावं लागलं रे," काका म्हणाले. "तू घरचाच, समजून घेशील."

घरचाच! मंग घरच्याला आधी सांगायला काय झालं होतं? त्याच लग्नात, त्याच जावयाच्या पानावर मी आग्रहानं तूप वाढत होतो. काका शेजारीच उभे होते, हसत.

निघताना त्यांनी दारात थांबवलं. "त्याला उर्दूचं अक्षर येत न्हाई. तुझी उर्दू बराबर आहे. जल्दी शिकव त्याला."

आणि मी हो म्हणालो. का म्हणालो?

उद्या सकाळी अलिफपासून, पहिल्या अक्षरापासून सुरुवात. शेरवानी घालूनच जाईन. त्या बैठकीत एकदा तरी.