शेकायची पिशवी

१४ मे

ती. आजी,

नमस्कार. प्रवासात गुडघ्यांनी फार छळलं नसेल ना? इकडे आम्ही तिघंही ठीक.

तुम्ही पाठवलेली शेकायची पिशवी काल मिळाली. रबर चांगलं जाड आहे. एवढी घाई नको होती, पण बरं वाटलं.

अंगणात अजून तुमचाच प्रयोग गाजतोय. शेजारची पोरं रोज तुमच्याबद्दल विचारतात, शाळेच्या बाई परत कधी येणार? गॅलरीतून बोटभर जाडीची नळी खाली सोडायची, माझ्या जुन्या शेकायच्या पिशवीला जोडायची, पिशवीवर फळी आणि फळीवर माझ्यासारखी भरभक्कम बाई! वरून तुमच्या नातीनं नरसाळ्यातून जेमतेम दोन तांबे पाणी ओतलं आणि मी अलगद वर उचलले गेले. नळी किती जाड ते नाही, पाणी किती उंचावरून येतंय ते बघा, असं तुम्ही पोरांना समजावलंत. मग तुम्हालाच चेव आला. नळी थेट गच्चीवर न्यायला लावलीत, आणि पिशवी फाटकन फुटली. मी चिखलात बसकण मारली. पोरं हसून लोळली.

आजी, तेव्हा मीही हसत होते, पण मनात दुसरंच होतं. तुम्ही नातीला कायमची न्यायला आला होतात, हे तिच्या बाबांनी मला सांगितलं होतं. तिच्या फ्रॉकनी भरलेली बॅग मी सकाळीच पाहिली होती. तुमची लेक गेली, तिच्या जागी मी आले. पोरगी मला काकू म्हणते. तिला नेऊ नका म्हणायला माझं तोंड कुठलं?

पिशवी फुटताच ती धावत खाली आली. आधी माझी पाठ चाचपली, मग तुमच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आजी, आता रात्री मी काकूची कंबर कशानं शेकू?"

संध्याकाळी तुम्ही एकेक फ्रॉक परत कपाटात लावताना मी दारातून पाहिलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

निघताना तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. मलाही धीर झाला नाही. आज लिहिते. तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

सुट्टी संपायच्या आत पुन्हा या. नात वाट बघतेय, मीही.

खाली काय लिहावं ते बराच वेळ सुचेना. नात्यानं मी तुमची कोणीच लागत नाही. तरी लिहिते, चालवून घ्या.

तुमची,
मुलगी