नऊ नंबरचे मशीन बंद न करण्याबाबत

दिनांक : २१ सप्टेंबर २०१७

प्रति,
मा. प्रकल्प संचालक,
वऱ्हाड शेती-आरोग्य संदेश सेवा,
विभागीय कार्यालय, अमरावती.

विषय : संगणक केंद्रातील जुने सर्व्हर क्र. ९ बंद करण्याचा आदेश स्थगित करणेबाबत, तसेच माझ्या सहीचे प्रमाणपत्र रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) वीजबचत अहवाल, जून २०१७ (मीच तयार केलेला).
२) चाचणी प्रमाणपत्र दि. १२/९/२०१७ (सही माझीच).

महोदय,

मी मिस्बाह रहमतुल्ला खान, आपल्या संगणक केंद्रात चार वर्षांपासून प्रणाली सहायक या कंत्राटी पदावर आहे. हा अर्ज केंद्र व्यवस्थापक श्री. जानराव इंगळे यांच्यामार्फत यायला हवा होता. तसा तो आलेला नाही. या गैरशिस्तीबद्दल आधीच क्षमा मागते आणि घडले ते घडले तसे लिहिते.

१. केंद्राचे वीजबिल कमी करावे असे पत्र आपल्याकडून एप्रिलमध्ये आले. खोलीत २००९ सालची चौदा मशीन होती. त्यांची उष्णता काढायला तीन एसी रात्रंदिवस चालत. महिन्याला पाच हजार आठशे युनिट जात होते. मी ५ ते ११ जून असे सात दिवस प्रत्येक मशीनच्या कामाची नोंद घेतली. अकरा मशीन जवळपास रिकामी होती. नुसती तापत होती आणि आपण ती थंड करत होतो. चौदांच्या जागी दोन नवी मशीन आणि एक एसी पुरेल, असे मी अहवालात लिहिले. आपण बैठकीत माझे नाव घेऊन कौतुक केले. त्या दिवशी मी अकोल्याला अब्बांना फोन करून ते सांगितले होते. बाकीची मशीन बंद झाल्यावर ऑगस्टचे बिल एकवीसशे युनिटांवर आले. अहवाल आजही खोटा नाही, फक्त त्यातली एक ओळ चुकली आहे.

२. ती ओळ नऊ नंबरच्या मशीनची. सात दिवसांत त्यावर तीन फोन आले, त्यांतले दोन चुकून लागलेले. मी रकान्यात ‘वापरात नाही’ असे लिहिले. फवारणीच्या विषबाधेसाठी गावोगावच्या आशाताईंना दिलेला मोफत क्रमांक याच मशीनवर येतो. तालुक्याचे बटण दाबले की कोणत्या दवाखान्यात विषावरचे इंजेक्शन शिल्लक आहे ते मशीन सांगते आणि तिथल्या डॉक्टरांना फोन जोडून देते. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात वऱ्हाडात फवारणी कोण करतो? तेव्हा कपाशी अजून पेरलेलीही नसते. माझा जन्म अकोल्याचा, एवढे तरी मला कळायला हवे होते. मी मशीनचे आकडे पाहिले, महिना पाहिला नाही. हे मशीन बसवणारे साहेब केव्हाच बदलून गेले. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली आहे, तिच्यावर फक्त ‘९’ आहे.

३. मंगळवार दि. १२ रोजी सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत ते चाचणी म्हणून बंद ठेवले. चार वाजता ‘कोणतीही सेवा बाधित झाली नाही, एकही तक्रार प्राप्त नाही’ या छापील मजकुराखाली मी सही केली. तक्रार खरोखरच आली नव्हती. तक्रार नोंदवण्याचा क्रमांकही त्याच मशीनवर आहे, हे माझ्या दोन दिवसांनी लक्षात आले.

४. गुरुवारी दुपारी चांदूर बाजारकडच्या एका गावातील आशाताई वच्छलाबाई एसटीने केंद्रावर आल्या. गावाचे नाव लिहू नये अशी त्यांची विनंती आहे, त्यांनाही नोकरीची भीती आहे. त्या दारातूनच म्हणाल्या, “बाई, मंगळवारी तुमचा फोन काहून बंद होता? तेवीस डाव लावला म्या.”

त्यांच्या गावात श्याम नावाचा चोवीस वर्षांचा मजूर दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणी करताना धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, कोसळला. वच्छलाबाईंनी त्याला ऑटोत घातले आणि आपला क्रमांक लावला. पुढचे त्यांच्याच शब्दांत लिहिते. “पोराच्या तोंडातून फेस येऊन रायला होता, अन् फोनातली बाई मले म्हणे, हा नंबर अस्तित्वात नाही. मले वाटलं, हात थरथर कापून रायले म्हणून मीच चुकीचं बटन दाबून रायली. ऑटोवाल्याले लावाले सांगतलं. त्यालेही तेच.”

जवळच्या आरोग्य केंद्रात इंजेक्शन संपले होते. तिथून त्या दुसरीकडे गेल्या, तिथेही नव्हते. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तीन तास गेले. आपल्या मशीनमधली त्या दिवशीची यादी मी नंतर काढून पाहिली. त्यांच्या गावापासून अकरा किलोमीटरवरच्या दवाखान्यात इंजेक्शन होते.

मी वच्छलाबाईंना “पाणी आणते” म्हणून आत गेले आणि मशीनच्या खोलीत उभी राहिले. एसी एकच चालू असूनही माझे दात वाजत होते. बाहेर येऊन मी त्यांना पाणी दिले, पण खरे सांगितले नाही. “लाईनचा प्रॉब्लेम होता” असे म्हणाले. आपल्यासमोर हे लिहिण्याची लाज वाटते.

५. शुक्रवारी मी दवाखान्यात गेले. कशासाठी गेले ते मलाच माहीत नव्हते. श्यामच्या नाकातोंडात नळ्या होत्या. पलंगाजवळ त्याची बायको आचल दीड वर्षाच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. त्याचा श्वास आता त्याचा त्याला जमतो, पण डोळ्यांना धुरकट दिसते, ते कधी निवळेल ते डॉक्टर सांगत नाहीत, असे तिने सांगितले. मग तिने विचारले, “तुमी कोण?”

मी म्हणाले, “त्या फोनच्या ऑफिसातली.”

ती रागावली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, “मंग तो फोन चालू ठेवजा बरं बाई. आमच्या गावात अजून दोन फवारे बाकी हायेत.”

६. सोमवारी मी व्यवस्थापक साहेबांना सर्व सांगितले. ते म्हणाले, “लेखी तक्रार आली काय? नाही ना? मग तुम्ही कावून उकरून राहिल्या?” मी प्रमाणपत्र चुकीचे असल्याचे म्हटल्यावर त्यांनी शांतपणे सांगितले, “सही तुमची आहे, मॅडम. माझी नाही.” तेव्हापासून राहत्या खोलीवर कोणाचाही फोन वाजला तरी मी दचकते. रस्त्यात पोलिसांची गाडी हळू झाली की तिथेच उभी राहते. अब्बांना फोनवर सगळे सांगितले. ते एवढेच म्हणाले, “बेटा, दुसऱ्या कोणाच्या हातून झालं तर लोक चूक म्हणतील. आपलं नाव छापून आलं तर चूक म्हणून थांबतील का?” त्यांनी अर्ज करू नको असे सांगितले नाही, कर असेही सांगितले नाही.

७. काल, बुधवारी सायंकाळी पाच वाजता नऊ नंबर कायमचे बंद करून भंगारवाल्याच्या गाडीत द्यायचे होते. बटण दाबण्यासाठी आदेशात माझे नाव होते. साहेब, वीजतंत्री सूर्यभान आणि गाडीसोबतची दोन माणसे खोलीत आली. मी मशीनसमोर उभी होते. साहेब म्हणाले, “बाजूला व्हा.” मी म्हणाले, “साहेब, फक्त एकदा तुमच्या मोबाईलवरून हा नंबर लावून पहा. मग मी स्वतः बंद करते.”

त्यांनी चिडून नंबर लावला. लाईन व्यस्त होती. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदा लावताना त्यांनी स्पीकर सुरू केला आणि तो टूं टूं आवाज आम्ही पाचही जणांनी ऐकला. सूर्यभान म्हणाला, “साहेब, माह्या साळ्याच्या शेतात आज फवारा सुरू हाये.” साहेबांनी मोबाईल खिशात टाकला. “सोमवारपर्यंत राहू द्या,” एवढेच म्हणून ते निघून गेले. गाडी रिकामी परत गेली.

परंतु हे ‘राहू द्या’ तोंडी आहे. आदेश कागदावर तसाच आहे आणि सोमवार चार दिवसांवर आला आहे.

८. म्हणून नम्र विनंती अशी :

नऊ नंबरचे मशीन फवारणीचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे किमान डिसेंबरअखेर, सुरू ठेवण्यात यावे. त्याला महिन्याला सुमारे अडीचशे युनिट लागतात, ते धरूनही आपली बचत निम्म्याहून अधिक राहते. त्याचे फोनलाईनचे कार्ड नव्या मशीनला बसत नाही. त्यासाठी वेगळे उपकरण मागवावे लागेल. ते येऊन, दोन्ही मशीन पंधरा दिवस सोबत चालवून मगच जुने काढावे. हे काम मी सुट्टीच्या दिवशी येऊनही करीन.

दि. १२ चे प्रमाणपत्र खोटे ठरवून रद्द करावे. त्याबद्दल जी कारवाई होईल ती माझ्यावर व्हावी. सूर्यभान अथवा वच्छलाबाई यांना त्यात ओढू नये. श्यामच्या उपचाराच्या कागदांत आपल्या सेवेची चूक स्पष्ट लिहून द्यावी. पुढे त्याच्या डोळ्यांचे काही झाले तर त्याच्या हाती काहीतरी असावे.

मला खूप भीती वाटते, हे अर्जात लिहायचे नसते ते ठाऊक आहे. तरीही नोंदीसाठी लिहिते.

खोलीची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. सोमवारी सकाळी ती कोणी मागितली तर द्यावी की देऊ नये, हे आपण दोन ओळींत लेखी कळवावे. उत्तर आले नाही तर मी देणार नाही.

आपल्या दोन ओळींच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,

(सही)
मिस्बाह रहमतुल्ला खान
प्रणाली सहायक (कंत्राटी)

सोबत :
१) दि. १२ च्या प्रमाणपत्राची प्रत.
२) वच्छलाबाईंच्या मोबाईलमधील तेवीस कॉलची नोंद, दुपारी १२.१० ते १.२५.
३) नऊ नंबरवर आज आलेल्या कॉलची यादी. अर्ज लिहायला बसले तेव्हा एकतीस होते, आता चौतीस आहेत. यादी अपूर्ण आहे.